उसनी नजर

ज्यांचं देणं लागतो त्यांची नावं आधी घ्यावीत, अशी आपल्याकडे रीत आहे. मला ती पुरती पाळता येणार नाही. ज्यांचं मी देणं लागतो त्यांतल्या काहींनी नाव छापू नकोस असं सांगितलंय, आणि काहींना आपण मला काही दिलं हेच ठाऊक नाही. म्हणून नात्यानं आणि कामानंच त्यांची ओळख करून देतो: इब्रामपूर-हणखणेच्या बाजूला काजूची बाग राखणारी माझी मावशी, मोपाच्या सड्यावर गुरं चारणारे एक आबा, मोरजीच्या किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणारे रापणकार, आणि एका देवराईची देखभाल करणारे वयस्क गृहस्थ. मी डिचोलीत फोटो स्टुडिओ चालवतो. अलीकडे लोक मला पक्ष्यांचे फोटो काढणारा म्हणून ओळखतात. त्या फोटोंवर खाली माझं नाव असतं. त्यातलं माझं किती आणि या मंडळींचं किती, हे एकदा सांगून टाकावं असं बरेच दिवस मनात आहे.

दुकान वडिलांनी घातलेलं. पासपोर्टचे फोटो, शाळेचे गट, मुंज, लग्न, सत्यनारायण, हीच आमची मिळकत. त्या काळी डिचोली तालुक्याचं सगळं खाणींवर चालायचं. शिरगाव, मुळगाव, लामगाव, मये या पट्ट्यातून ट्रकांची रांग सुटली की रस्त्याकडेची झाडं पावसाळा येईपर्यंत तांबडीच राहायची. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारनं खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. ज्यांची घरं ट्रकांवर चालत होती त्यांचे हाल मी जवळून पाहिले, त्यामुळे त्या शांततेचं कौतुक करायला माझी जीभ रेटत नाही. लग्नं काही थांबली नाहीत, पण अल्बम लहान झाले. दुकानात बसून माश्या मारण्यापेक्षा बरं, म्हणून मी कॅमेरा घेऊन बाहेर पडू लागलो. म्हापशाहून एक जुनी सत्तर ते तीनशेची लेन्स घेतली. पक्ष्यांची आवड वगैरे काही नव्हती. इंटरनेटवर लोकांचे फोटो पाहिले होते आणि आपलाही हात कॅमेऱ्यावर बसलेला आहे, आपल्याला का जमू नये, एवढंच मनात होतं.

तेव्हा मला ओळखू येणारे पक्षी म्हणजे कावळा, चिमणी, पोपट आणि घार. कोकीळ ऐकून माहीत होता. त्याची मादी ठिपक्याठिपक्यांची, तपकिरी असते आणि ती त्याच झाडावर त्याच्याजवळ बसलेली असते, हे चाळिशी जवळ आली तरी मला ठाऊक नव्हतं. दुकानाच्या मागच्या फणसावर वर्षानुवर्षं ‘कुटुर्रर्र, कुटुर्रर्र’ चालायचं. तो आवाज कुटुर्ग्याचा, म्हणजे मुठीएवढ्या हिरव्या पक्ष्याचा असतो, हेही मला दुसऱ्यांनीच सांगितलं.

पहिल्या फाल्गुनात मुळगावच्या बाजूला एक काटेसावर फुललेली सापडली. झाडावर पान एक नाही, सगळं लाल. कोतवाल, साळुंक्या, हरेवे, शिंजीर, सगळे एकमेकांना हुसकावून फुलांत तोंड घालत होते. पळसमैनांचा थवा उतरला की फांद्या हलायच्या. मी भरपूर फोटो काढले आणि दुकानात येऊन पाहतो तर प्रत्येक पक्षी काळा. मागे उजेड असला की चेहरा काळवंडतो, हे मला कोणी शिकवायला नको होतं. पण मांडवात मी नवरीला ‘जरा अशी इकडे सरक’ म्हणू शकायचो. इथे सरकायचं होतं ते मला, आणि नेमकं कुठे सरकायचं ते समजत नव्हतं. शिवाय मी जायचो दुकानाच्या सोयीनं, साडेनऊ-दहाला. पक्ष्यांचं सकाळचं खाणं तोवर आटोपलेलं असायचं.

ते फोटो मी मावशीला दाखवले ते कौतुक करून घेण्यासाठी. तिनं चष्मा पुसून एकेक पाहिला आणि विचारलं, हा तिथे काय करत होता? मी म्हटलं, बसला होता. ती म्हणाली, नुसता कोण बसतो?

त्या प्रश्नापासून माझं खरं शिक्षण सुरू झालं. मावशीला पुस्तकातली नावं येत नाहीत. तिला पक्षी ठाऊक आहेत ते त्यांच्या कामांवरून. कोण बोंडू टोचतो, कोण पानामागच्या अळ्या वेचतो, कोणाच्या ओरडण्यावरून साप आल्याचं समजतं, कोण झाडाला उपद्रव करतो. काजूचा हंगाम फाल्गुनापासून वैशाखापर्यंत. पहाटे उठून पडलेले बोंडू गोळा करायचे, पिरगळून बी काढायची, बोंडू भट्टीवाल्याकडे पाठवायचे. ते सगळं चालू असताना तिचं डोकं खाली आणि कान वर. मी बागेत कॅमेरा घेऊन या झाडाखालून त्या झाडाखाली धावत होतो. दोन-तीन सकाळी तिनं ते सहन केलं आणि मग तिच्या बोलीत सुनावलं, “पयलीं ओगी राव, मागीर पळय.” आधी गप्प राहा, मग बघ. मला तिनं बांधावरच्या एका दगडावर बसवलं, जिथून सूर्य माझ्या पाठीशी येत होता. तो दगड तिनं फोटोचा विचार करून निवडला नव्हता. ती स्वतः न्याहारीला तिथंच बसायची, कारण तिथून वहाळही दिसतो आणि डोळ्यांवर ऊनही येत नाही.

त्या दगडावरून मला पहिला पक्षी नीट दिसला तो फुलटोच्या. आठ-नऊ सेंटिमीटरचा, मळकट रंगाचा, बाकदार फिकट चोचीचा. एरवी मी त्याच्याकडे कॅमेरा वळवला नसता. बांधावरच्या जुन्या आंब्यावर बांडगूळ होतं, त्याची पिकलेली फळं तो एकामागून एक अख्खी गिळत होता. थोड्या वेळानं तो बाजूच्या फांदीवर आडवा झाला, सरकला आणि बूड फांदीला घासून उडाला. लेन्समधून पाहिलं तर फांदीवर एका चिकट धाग्यावर बी लोंबत होतं. मावशी म्हणाली, ते आता तिथंच रुजणार. बांडगुळाचं बी चिकट असतं, या पाखरानं फांदीला पुसल्याशिवाय ते त्याच्यापासून सुटत नाही, आणि असं पुसलं गेलं म्हणूनच नव्या झाडावर बांडगूळ उगवतं. म्हणजे हा पक्षी तिचा शत्रूच म्हणायचा. काजूवरचं बांडगूळ ती दरवर्षी कोयत्यानं छाटून घेते. पण त्या एका आंब्यावरचं ती ठेवते. का, असं विचारलं तर म्हणाली, त्याच्या फुलांतल्या मधावर शिंजीर येतात, आणि मागच्या पिढीनंही ते तसंच ठेवलं होतं.

त्या फुलटोच्याचा फोटो फार बरा आला नाही. फांदी मध्ये आली होती. पण एखादा पक्षी फांदीवर काय करत होता हे मला स्वतःहून सांगता आलं, असा तो पहिला फोटो.

पुढच्या चैत्रात त्याच बागेच्या टोकाला वहाळाचं पाणी आटून एक लहानसं कोंड उरलं होतं. ऊन कलल्यावर तिथे बस, असं मावशीनंच सांगितलं. आधी पाचू-कवडे चालत आले, पानांवर पाय न वाजवता. मग नारिंगी डोक्याचा कस्तुर पाचोळा उलथत उतरला. अगदी अंधारायच्या बेताला स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर फांदीवरून सुटला, पाण्याला पोटानं निसटता स्पर्श करून परत फांदीवर, पुन्हा तसंच, पुन्हा तसंच. शेपटीच्या दोन लांब पट्ट्या प्रत्येक वेळी पाण्यावर एक रेघ ओढून जात. उजेड इतका कमी की कॅमेऱ्याच्या हातात काही राहिलं नव्हतं. मी तो खाली ठेवला आणि नुसता पाहत बसलो. धंद्यात मी कॅमेरा खाली ठेवून काही पाहिलं असेल असं आठवत नाही.

वसंत म्हणजे कोकिळेचं आणि मोहोराचं, अशी समजूत शाळेच्या निबंधांतून माझ्याही डोक्यात बसली होती. ती मोडली मोरजीच्या रापणकारांनी. शापोरा नदी जिथे समुद्राला मिळते तिथे वाळूच्या दांड्यावर हिवाळाभर कुरव आणि सुरय बसतात. हे पक्षी थंडीत उत्तरेकडून आलेले. मी भरतीच्या वेळी जायचो आणि हात हलवत परत यायचो. रापण ओढणाऱ्यांतल्या एकानं हसून सांगितलं, “सुकतीक यो.” ओहोटीला दांडा उघडा पडतो, तेव्हाच ते खाली बसतात. आणि रापण किनाऱ्याला लागायची वेळ असेल तर सुरय आधीच घिरट्या घालू लागतात, त्यांच्याकडे पाहून जागा धर, हेही त्यांनीच सांगितलं.

पौषात तिथे काढलेल्या फोटोत तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं पांढरं होतं, कानापाशी नुसता एक डाग. फाल्गुन सरता सरता गेलो तर त्याच थव्यातल्या कितीतरी पक्ष्यांनी चॉकलेटी टोपरं घातल्यासारखं दिसत होतं. मोठ्या काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं खरोखरच काळं झालं होतं. वाळूवर धावणारे राखाडी चिखल्या छातीवर तांबूस होऊ लागले होते. मला वाटलं हे नवे कोणी आले. रापणकार म्हणाले, नवे नाहीत, हे आता जाणार. विणीचा पिसारा अंगावर चढायला लागला की त्यांच्या परतीचे दिवस जवळ आलेले असतात. त्याच किनाऱ्यावर तेंबवाड्याला त्या दिवसांत समुद्री कासवाच्या अंड्यांवर वनखात्याचा पहारा असतो. कोणी इथे जन्म द्यायला येतंय आणि कोणी जन्म द्यायला इथून निघतंय, हे दोन्ही एकाच वाळूवर. पाडव्यानंतर थोड्याच दिवसांत दांडा बहुतेक रिकामा होतो. गोव्याच्या किनाऱ्यावरचा वसंत हा निरोपाचा असतो हे ज्यांनी मला दाखवलं, त्यांच्यासाठी ती बातमी नव्हती. दरवर्षी त्यांच्या जाळ्यांभोवती ते घडतच असतं.

आता आबांविषयी. त्यांच्याविषयी लिहिताना मला सांभाळून लिहावं लागतं.

पेडण्याच्या उत्तरेला मोपाचा सडा. जांभ्याचं विस्तीर्ण पठार, पावसाळ्यात रानफुलांचं आणि चैत्र-वैशाखात तव्यासारखं तापलेलं. मी गेलो तेव्हा विमानतळाची चर्चा जुनी झाली होती आणि काम अजून अंगावर आलं नव्हतं. मला तिथे दिसलं ते नुसतं काळं-तांबडं खडकाळ माळरान. मी परत फिरणार तोच आबांनी हटकलं. पक्षी बघायला आलोय म्हटल्यावर त्यांनी सांगितलं, “गोरवांच्या फाटल्यान चल.” गुरांच्या मागून चाल. माणूस सरळ चालत आला की टिटवी लांबूनच अंड्यांवरून उठते आणि ओरडत भलतीकडे नेते. गुरांना ती इतकी बिचकत नाही. मी गुरांच्या मागून चाललो. एक गाय चरत चरत पुढे गेली आणि थबकली. तिच्या तोंडासमोर टिटवी उभी, दोन्ही पंख पसरून, आवाज न करता. गायीनं एक फुस्कारा सोडला आणि बाजूनं वळून गेली. टिटवीनं पंख मिटले. आबांनी काठीनं दुरूनच जागा दाखवली. बराच वेळ मला तिथे दगडांशिवाय काही दिसेना. मग दिसली चार अंडी, टोकं आत करून ठेवलेली, त्यांच्यावरचे डाग जांभ्याच्या खडीला इतके मिळतेजुळते की नजर एकदा हलली तर पुन्हा शोधावी लागे. दुपारी ऊन चढलं की टिटवी पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, हे आबांनी सांगितलं. त्यांनी सांगितलं नसतं तर ती पाणी प्यायला गेली असं मी समजलो असतो.

त्या सड्यावर मला मलबारी चंडोल दिसला, डोक्यावर तुरा उभारून दगडावर गाणारा. पिवळ्या मुखाची माळटिटवी दिसली. मी फोटो काढले, खूप काढले. आणि धंद्यातल्या सवयीप्रमाणे घरी येऊन निवडले. लग्नाच्या हजार फोटोंतून दोनशे ठेवायचे, डोळे मिटलेले, हललेले, लांबचे पुसून टाकायचे, ही आमची शिस्त. सड्यावरचे बहुतेक फोटो लांबचे होते. उन्हाच्या झळांनी पुसट झालेले. ते मी पुसले. दोन-चार देखणे ठेवले.

२९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं मोपा विमानतळाची पर्यावरण मंजुरी स्थगित केली. मंजुरीसाठीच्या अर्जात आसपासच्या परिसराची महत्त्वाची माहिती दिली गेली नव्हती, हा त्या निकालातला मोठा मुद्दा होता. त्या सुमारास कॉलेजात शिकणारी एक मुलगी दुकानात आली. सड्यावरच्या पक्ष्यांची यादी ती करत होती. तुमच्याकडे तारखेसकट काय काय आहे, असं तिनं विचारलं. माझ्याकडे दोन-चार देखणे फोटो होते. बाकीचं मी आबांबरोबर पाहिलेलं, मला नुसतं आठवत असलेलं, म्हणजे कोणाच्या उपयोगाचं नाही असं. ती काही बोलली नाही. जाताना एक पुस्तक वाचायला ठेवून गेली. हाइन्ट्स लायनर यांचं गोव्यातल्या पक्ष्यांवरचं संदर्भपुस्तक, २००४ साली म्हापशाच्या गोवा फाउंडेशननं काढलेलं.

ते पुस्तक मी आधी चाळलं आणि निराश झालो. माझ्यासारख्याला हवे असतात तसले भरपूर रंगीत फोटो त्यात नव्हते. मग वाचू लागलो. गोव्यात येऊन राहिलेल्या या माणसानं वर्षानुवर्षं काय केलं होतं? कोणता पक्षी कुठे दिसला, कधी दिसला, किती होते, घरटं करताना दिसला की नुसता जाताना, हे लिहून ठेवलं होतं. त्यांच्याही आधी सलीम अली आणि रॉबर्ट ग्रुब यांनी गोव्यातल्या पक्ष्यांची पाहणी केली, तिचा लेख १९७६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. चोडणच्या ज्या खारफुटीला १९८८ मध्ये अभयारण्य म्हणून सलीम अलींचं नाव मिळालं, तिथे मी कितीदा तरी फेरीनं गेलो होतो. नावाच्या पाटीपाशी उभा राहून फोटोही काढून घेतला होता. त्या नावामागे तारखा टिपण्याची किती साधी, किती चिवट मेहनत आहे, हे मला लायनरांच्या पुस्तकानं समजावलं. याच काळात मारुती चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ हाती आला. दुकानात गिऱ्हाईक नसताना मी त्यातून मराठी नावं पाठ करत बसायचो.

आता मी हललेले फोटो पुसत नाही. झळांमधला पुसट ठिपका माळटिटवीचा आहे एवढं ओळखू येत असेल, आणि त्याखाली दिवस आणि जागा लिहिलेली असेल, तर तो ठेवायचा. हे शिकायला मला मोपा जावा लागला, असं कधी कधी वाटतं, आणि ते वाटणं सुखाचं नाही. १६ जानेवारी २०२० ला स्थगिती उठली. ११ डिसेंबर २०२२ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुटू लागली. माझा भाचा तिथे कामाला आहे आणि त्याच्या पगारावर त्याचं घर उभं राहतंय. म्हणून मी त्यावर पोपटपंची करत नाही. आबांची गुरं आता कमी झाली आहेत. उरलेल्या माळावर ते मला अजून नेतात. टिटवी अजून अंडी घालते. चंडोल कुठे गातो ते ठिकाण आबांना ठाऊक आहे, आणि आता त्याच्या तारखाही आहेत.

देवराईतल्या गृहस्थांकडे मी गेलो तो या सगळ्यानंतर, म्हणजे थोडा शहाणा झाल्यावर. गावाचं नाव लिहीत नाही. जिथे घरटं असतं ते गाव छापायचं नसतं, हाही त्यांचाच नियम. राईत एक जुनं उंच झाड आहे, त्याच्या ढोलीत मलबारी कवड्या धनेश दरवर्षी घर करतो. मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा-मातीनं तोंड लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढी फट ठेवून. फाल्गुनापासून पावसाच्या तोंडापर्यंत तिचं आणि पिल्लांचं पोट त्या एका नराच्या फेऱ्यांवर. गृहस्थांनी मला देवळाच्या मागच्या पायरीवर बसवलं आणि सांगितलं, यापुढे पाऊल टाकायचं नाही. पूर्वी त्यांच्या लहानपणी कोणीतरी नर मारला होता, आणि आतली मादी भुकेनं गेली होती. त्यांच्या आजोबांनी ती गोष्ट त्यांना सांगितली, त्यांनी ती मला सांगितली.

त्या पायरीवरून झाड इतकं लांब की माझ्या लेन्समध्ये पक्षी नखाएवढा. नर आला तो आधी पंखांच्या आवाजानं कळला. फटीपाशी खोडाला पंजे रोवून तो टेकला. चोच रिकामी दिसत होती. मग मान मागे झटकली आणि चोचीच्या टोकावर एक उंबर आलं. ते त्यानं फटीत दिलं. पुन्हा मान झटकली, पुन्हा एक. गळ्यातून एकेक फळ वर काढून तो देत होता, आणि आतून फक्त चोचीचं टोक पुढे येऊन घेत होतं. एकही खाली पडलं नाही. झाडाखाली मात्र बियांचा खच होता, आतून बाहेर टाकलेल्या. त्यांतल्या काही रुजून आल्या होत्या. ही राई कोणी लावली, असं मी विचारलं तेव्हा गृहस्थांनी हसून झाडाकडे बोट केलं.

त्या दिवशीचे फोटो कोणी विकत घेणार नाही. नखाएवढा पक्षी, मोठं झाड. पण त्या राईचे माझ्याकडे आता दर वसंतातले फोटो आहेत: मादी आत गेली तो दिवस, ढोली फुटून मोकळी झाली तो दिवस. हे दिवस दरवेळी मला गृहस्थच फोन करून सांगतात. शिरगावच्या लईराईची जत्रा वैशाखात झाली आणि रानात पावशा रात्रीही ओरडू लागला, की ते म्हणतात, आता फार दिवस राहिले नाहीत, येऊन जा.

इतकी वर्षं मी घेतच आलो. परतफेड म्हणून काय केलं, तर फार थोडं. फोटोंच्या नोंदी ‘ई-बर्ड’वर चढवतो, घरट्यांची जागा सोडून. शाळेची मुलं दुकानात फोटो काढायला आली की त्यांना मागच्या फणसावरचा कुटुर्गा दाखवतो. आणि एक काम अलीकडे झालं, ते सांगून थांबतो.

जैवविविधता कायदा २००२ चा. त्याप्रमाणे पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीनं गावाची लोक-जैवविविधता नोंदवही तयार करायची असते: गावात कोणती झाडं, कोणते प्राणी-पक्षी, आणि गावकऱ्यांना त्यांच्याविषयी काय माहीत आहे. मावशीच्या गावच्या समितीनं मला पक्ष्यांचे फोटो मागितले. मी ते दिले, तारखांसकट, हललेले धरून. मग समितीतले लोक म्हणाले, नुसते फोटो काय करायचे, माहिती लिहून द्या. मी त्यांना म्हटलं, माहिती माझी नाही, चला माझ्याबरोबर. आम्ही बागेत गेलो. मावशी बोंडू गोळा करत होती. तिनं काम न थांबवता सांगायला सुरुवात केली: फुलटोच्या काय खातो, बांडगूळ कधी छाटायचं आणि कोणत्या झाडावरचं ठेवायचं, कोंडावर कोण कधी उतरतो. समितीतला तरुण मुलगा लिहून घेत होता. शेवटी त्यानं माहिती देणाऱ्याचं नाव विचारलं तर तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. मी मान हलवली आणि तिचं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. ती म्हणाली, मला वाचता येतं, दाखव बघू काय लिहिलंस ते. तिनं पान वाचलं आणि एक दुरुस्ती सांगितली: फुलटोच्या फक्त चैत्रात येतो असं त्यानं लिहिलं होतं, तो वर्षभर असतो.

ती दुरुस्ती मी माझ्याही वहीत केली.